पाच ठिपक्यांचा रेडिओ, चिरमुरे आणि करदंटाचा डबा

तिसरंगेट

मंडळी, गेल्या आठवड्यात बेळगावातल्या टिळकवाडीच्या घराचा माळा आवरला. अर्धं काम उंदरांनी आधीच उरकलेलं होतं. जुन्या गाद्या, तांब्याचा बंब, दादाची मोडकी तीनचाकी, आणि सगळ्याच्या खाली आज्जीच्या नऊवारीच्या तुकड्यात बांधलेला बाबांचा मर्फी रेडिओ. विजेवरही चालायचा, सेलवरही. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या आगेमागे, तो बाहेरच्या खोलीत फळीवर असायचा आणि त्याला हात लावायचा अधिकार एकट्या बाबांना होता. दादानं एकदा बँडचं बटण फिरवलं तर बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

धूळ पुसली आणि डायलच्या काचेवर ठिपके दिसले. नेलपॉलिशचे! बाबांनी स्टेशनांच्या खुणा केल्या होत्या हे मी साफ विसरलो होतो. मीडियम वेव्हच्या पट्टीवर पाच ठिपके आहेत. एक पार डावीकडे, एकटा. मग दोन अगदी चिकटून. मग बरीच मोकळी जागा आणि उजवीकडे परत दोन जवळजवळ. पहिले चार लाल, शेवटचा मात्र गुलाबी. डावीकडचा मुंबई ब असणार. चिकटलेल्या दोघांत एक धारवाड, एक पुणे. उजवीकडचा लाल म्हणजे सांगली, त्याबद्दल शंकाच नाही, सकाळी सात पाचला 'सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे' हे आमच्याकडे सांगलीवरूनच ऐकू यायचं. पुण्याच्या बातम्या, वाट सांगलीची. पण पाचवा कुठला? बाबा आता नाहीत. दादाला आठवत नाही.

तर धागा त्या ठिपक्यासाठी. आणि दुसरं म्हणजे, रेडिओ ऐकताना तुम्ही काय खायचात ते सांगा.

आमच्याकडे बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला. त्याचं सिबाका झालं तरी आम्ही बिनाकाच म्हणायचो. पावणेआठला आई जमिनीवर कालचा 'तरुण भारत' पसरायची आणि त्यावर चिरमुऱ्याचा ढीग ओतायची. कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा, शेंगाचटणी, ओलं खोबरं असेल तर खोबरं. ताटल्या नाहीत. पाच जणांनी पाच बाजूंनी खायचं. दादा बोटानं ढिगात रेघ मारून आपली हद्द आखायचा आणि मग दुसऱ्याच्या हद्दीतले दाणे वेचायचा. अमीन सायानींचा आवाज पंचवीस मीटरवर लाटेसारखा यायचा आणि जायचा. गेला की सगळे चावणं थांबवायचे. खरंच. कुरकुर आवाजात ऐकू यायचं नाही म्हणून पाच तोंडं मध्येच थांबलेली.

मिस्किल_मारुती

हद्द आखून दुसऱ्याच्या हद्दीतलं वेचणं. दादा सीमाभागातलेच, पटलं.

एरियल

तिसरंगेट, ठिपक्यांमधलं अंतर पट्टीनं मोजून द्या, पाचवा सांगतो. मी निपाणीचा, वडलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मी त्या सोल्डरच्या वासात वाढलो.

तोवर बाकीच्यांसाठी थोडी माहिती. १९७८ च्या नोव्हेंबरात मीडियम वेव्हच्या स्टेशनांचे आकडे, म्हणजे किलोहर्ट्झ, बदलले. त्यानंतर प्रत्येक स्टेशनाचा आकडा नऊनं भाग जाणारा. मुंबई ब ५५८, धारवाड ७६५, पुणे ७९२, सांगली १२५१. भागून बघा. म्हणजे धारवाड आणि पुणे यांच्यात फक्त सत्तावीसचा फरक. डायलवर तो केसाएवढा. त्यात धारवाड बेळगावपासून ऐंशी किलोमीटरच्या आत आणि भलं दांडगं, पुणे सव्वातीनशेच्या पुढं. स्वस्तातला सेट असला की पुण्याच्या बोडक्यावर धारवाड बसलेलंच.

रात्री गोष्ट वेगळी. दिवसा सूर्यामुळं वातावरणात उंचावर एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून लांबवर खाली येतात. म्हणून दिवेलागणीनंतर मुंबई, पुणे, अगदी हैदराबादसुद्धा निपाणीत लागायचं. आणि म्हणूनच आवाज लाटेसारखा यायचा-जायचा. बिनाकाचं कारण तेच, फक्त ते शॉर्टवेव्हवर, त्यामुळं लांबचा प्रवास हा त्याचा रोजचाच.

अजून एक विचारतो. तुमचे बाबा रेडिओ फळीवर तिरका ठेवायचे का?

तिसरंगेट

तुम्हाला कसं कळलं? फळीवर खडूची रेघ होती! रेडिओ त्या रेघेला लावूनच ठेवायचा. आई म्हणायची भिंतीला सरळ लाव, बघायला बरं दिसतं. बाबा ऐकायचे नाहीत. आम्हाला वाटायचं बाबांचा हट्ट.

एरियल

हट्ट नव्हे. मीडियम वेव्हसाठी सेटच्या आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. ती सेटच्या लांबीच्या दिशेनं आडवी बसवतात. कांडीचं टोक ज्या स्टेशनाकडं, ते स्टेशन बारीक होतं. कांडीची कूस ज्याकडं, ते मोठं. बेळगावातून धारवाड आग्नेयेला, पुणे जवळजवळ उत्तरेला. सेटची अरुंद बाजू धारवाडकडं रोखली की धारवाड दबतं आणि शेजारचं पुणे वर येतं. बाबांना हे कुणी शिकवलं होतं का त्यांनी फिरवून फिरवून शोधलं, देव जाणे. पण ती खडूची रेघ म्हणजे पुण्याची रेघ.

खानापूरची

अंगावर काटा आला एरियलदादा.

आमच्या खानापुरात रेडिओ शेजारच्या काकांकडं, आणि खाऊ जंगलात. एप्रिल-मे आला की जांबोटीकडच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या. करवंदं, जांभळं, तोरणं. पळसाच्या पानाच्या द्रोणात माप घालून द्यायच्या. मापाला डालडाचा डबा, तोही आतून चेपलेला! आज्जी तो डबा हातात घेऊन आत बोट घालून बघायची, मग भांडायची, मग शेवटी दोन द्रोण जास्तीचे घेऊन त्या बाईला आत बोलवून ताक द्यायची. करवंदाचा चीक ओठांना लागला की दुसऱ्या दिवशी ओठ सालपटायचे. कोंबडा का कोंबडी खेळायचो, करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा.

शाळेच्या फाटकाबाहेर एक आज्जी बसायच्या. गोणपाटावर चिंचा, आवळे, बोरकूट, कैरीच्या फोडी, विलायती चिंचा. मीठ-तिखटाची पुडी वेगळी मागायची नाही, ती आपोआप. सोमवारी उधार चालायचं नाही, ते का ते आजवर कळलं नाही.

रेडिओचं सांगायचं तर मला गाण्यापेक्षा आठवतात त्या संस्कृत बातम्या. पहाटेचा अंधार, पाच वाजून पंचावन्न नव्हे, सहा पंचावन्न. 'इयम् आकाशवाणी। सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्। प्रवाचकः बलदेवानन्दसागरः।' काकांचा रेडिओ भिंतीपलीकडून. ते ऐकू आलं की दात घासायला उठायचं. मला कित्येक वर्षं वाटायचं बलदेवानन्दसागर हा समुद्र आहे.

मिस्किल_मारुती

समुद्रच तो. रोज पाच मिनिटांची भरती.

शहापूरकर

मी इथला बहुधा सगळ्यात म्हातारा. आमचं घर विणकराचं. शहापूर, वडगावात घराघरात माग. हातमाग होते तोवर रेडिओ ऐकू यायचा, धोटा जाता-येता खटाखट वाजला तरी मध्ये गाणं शिरायला जागा असायची. यंत्रमाग आले आणि रेडिओ मुका झाला. वडील तरी लावूनच ठेवायचे. विचारलं, ऐकू येत नाही तर कशाला? म्हणाले, बंद केला की कळतंय.

एक गंमत. शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानात, पलीकडं बेळगाव इंग्रजांचं. सांगली आकाशवाणी १९६३ ला सुरू झाली तेव्हा आमचे आजोबा म्हणाले होते, 'आपल्या राजाचा रेडिओ आला.' संस्थान जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांना कोण सांगणार.

आमचा पहिला सेट वाल्व्हचा. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही. आधी आत लाल डोळे उजळायचे, मग तापलेल्या धुळीचा वास, मग अर्ध्या मिनिटानं घूं करून कुठूनतरी माणूस बोलायला लागायचा. छपरावर तांब्याच्या जाळीची पट्टी बांधलेली, ती एरियल. त्यावर कावळा बसला की वडील मला वर पाठवायचे.

खाऊ म्हणाल तर भट्टीवरचे चिरमुरे. मी भट्टीवर जाऊन उभा राहायचो. मोठ्या कढईत वाळू तापून काळी झालेली. मिठाचं पाणी लावून वाळवलेला तांदूळ मूठभर त्यात पडला की क्षणभर काहीच होत नाही. मग फट्, फट्, आणि एकदम सगळी वाळू पांढरी. लगेच चाळणीत उलटायचं, वाळू खाली, चिरमुरे वर. एक उसासा जास्त झाला तर करपले. भट्टीवाला गरम चिरमुरे माझ्या टोपीत घालायचा. गरम चिरमुऱ्याला जो वास असतो तो पिशवीतल्याला नाही, आणि दहा मिनिटांत तो जातो. ज्यानं भट्टीवर खाल्ले नाहीत त्यानं चिरमुरे खाल्लेच नाहीत असं माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांडा.

कॅम्पवासी

सगळे चिरमुरे चिरमुरे करताय. बेळगावचा धागा आणि कुंद्याचं, आपल्या दुधाच्या मिठाईचं, नाव नाही?

मिस्किल_मारुती

कुंदा पाहुण्यांचा हो! आम्हाला कुठला. पाहुणा पुण्याला परत निघाला की वडील गल्लीच्या कोपऱ्यावरून पाव किलो बांधून आणणार, तो थेट पाहुण्याच्या पिशवीत. आम्ही डब्याचा दोरा चाटायचो. कुंदा, मांडे, करदंट ही बाहेरच्यांना सांगायची नावं. कुणी विचारलं बेळगावचं काय खास, तर कुंदा म्हणायचं. आणि घरी येऊन डाळं-गूळ खायचं.

कॅम्पवासी

असं कसं. आमच्या घरी दर रविवारी असायचा.

मिस्किल_मारुती

कॅम्पातले तुम्ही. तुमच्याकडं खारी, बटर, नानकटाई पण रोज असणार.

कॅम्पवासी

होतीच की. 😀

खानापूरची

मांड्यांना मात्र नावं ठेवायची नाहीत. माझ्या मावशीच्या लग्नात मांडे करणाऱ्या बाया आल्या होत्या. उपडं खापर चुलीवर, आणि ती बाई गोळा हातावर घेऊन हात फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवत नेते. अंगणात आम्ही दहा पोरं श्वास रोखून. फाटला तर आमचा! त्या बाईच्या हातून एकही फाटला नाही. इतका राग आला होता.

फौजीची_लेक

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत. पोस्टिंग लांब, आम्ही दोघी बहिणी आणि आई बेळगावात. आमच्या घरी रेडिओ म्हणजे जयमाला, फौजी भाईंची फर्माईश. वडिलांनी पत्रात लिहिलेलं असायचं, आम्ही चौघांनी मिळून फर्माईश पाठवली आहे, ऐका. मग रोज संध्याकाळी आई कामं आटपून बसणार. गाण्याकडं तिचं लक्ष नसायचं. गाण्याआधी नावं वाचतात तेवढंच ऐकायची. नाव नाही आलं की गाणं सुरू व्हायच्या आधीच उठून भाकरीला जायची.

असं किती महिने चाललं आठवत नाही. एका संध्याकाळी दिवे गेले. सेल संपलेले, आणून ठेवायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी पलटणीतल्या दुसऱ्या एकाची बायको धावत आली, काल आली की हो तुमच्या ह्यांची नावं! आई म्हणाली, होय की, ऐकली आम्ही. वडिलांनाही तसंच लिहिलं. गाणं कुठलं होतं ते त्या बाईकडून आधी काढून घेतलं.

खाऊ म्हटलं की ट्रंकेच्या कोपऱ्यातले शंकरपाळे. वडील सुट्टी संपवून निघताना आई करायची. डब्यात भरून उरलेला चुरा आम्हाला. अजूनही मला अख्ख्या शंकरपाळ्यापेक्षा चुरा आवडतो.

खानापूरची

🙏

हुक्केरीकर

मी बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज लिहितो. आमच्या घरात आई कन्नड, वडील मराठी. वर सगळेजण धारवाडला पुण्याच्या वाटेतली धोंड असल्यासारखं बोललात, म्हणून लिहायलाच हवं.

धारवाड आकाशवाणी १९५० पासूनची. तुमच्या पुण्याच्या बोडक्यावर जो आवाज बसायचा ना, तो कित्येकदा मल्लिकार्जुन मन्सूरांचा असायचा. नाहीतर गंगूबाईंचा, नाहीतर बसवराज राजगुरूंचा. मन्सूर अण्णा त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते. आमचे मराठी वडील पुणे शोधता शोधता धारवाडवर अडकायचे आणि मग सुई हलवायचेच नाहीत. आई आतून ओरडायची, 'निमदु पुणे सिक्तेनु?' म्हणजे तुमचं पुणे सापडलं का? वडील बोटानं गप्प बस म्हणायचे. कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीचे, त्यांना कुठल्या बाजूला घालणार?

आमच्याकडं सकाळी आधी 'वार्तेगळु, ओदुत्तिरुववरु' आणि मग मराठी बातम्या. एकच बातमी दोनदा, दोन भाषांत. कन्नड शिकायला मला शाळा लागली नाही.

आणि चिरमुऱ्यावर तेल-तिखट ठीक आहे, पण गिरमिट खाल्लंय का कुणी? कांदा-मिरची तेलावर परतायची, हळद, चिंच-गुळाचं पाणी घालून आटवायचं, दाट झालं की खाली उतरवून गार करायचं. गरम ओतलं तर चिरमुऱ्याचा चिखल. मग चिरमुरे, वरून पुटाण्याचं पीठ, म्हणजे तुमचं डाळं, कच्चा कांदा, कोथिंबीर, आणि शेजारी मिरची भजी. चिरमुरे घातल्यापासून पहिला घास पाच मिनिटांच्या आत. हे आमचं रात्रीच्या हवामहलचं, म्हणजे रेडिओवरच्या नाटुकल्यांचं, खाणं. हवामहल सुरू व्हायच्या सुरावटीला आई चिरमुरे ओतायची.

एरियल

हुक्केरीकर, चुकलो. धारवाडला धोंड म्हणायचं नव्हतं. दुकानात वडीलसुद्धा दुरुस्त झालेला सेट तपासायला आधी धारवाडच लावायचे. धारवाड लागलं नाही तर सेट दुरुस्त झालेलाच नाही.

दोनहजारतीन

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान. दोन प्रश्न. १) रेडिओसाठी लायसन्स लागायचं असं आजोबा सांगतात, थापा का? २) 'पुन्हा प्रपंच' काय होतं? आज्जी टेकाडे भावजी म्हणून हसत सुटते आणि पुढं सांगत नाही.

शहापूरकर

थापा नाहीत रे बाळा. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर दरवर्षी तिकिटं चिकटवून शिक्का घ्यायचा. तपासायला माणूस येणार अशी आवई उठली की गल्लीतले सगळे रेडिओ एकदम गप्प. ऐंशीच्या दशकात ते लायसन्स गेलं. आमची पुस्तिका अजून आहे, रेडिओ कधीच भंगारात गेला.

खानापूरची

'प्रपंच' मुंबई आकाशवाणीचं. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी नीलम प्रभू, टेकाडे भावजी प्रभाकर जोशी. तिघं घरगुती गप्पा मारायचे, वाद घालायचे, आणि त्यात अख्ख्या समाजाचं काय चाललंय ते यायचं. आमच्याकडं मुंबई धड लागायचं नाही. माझी आत्या दादरला, ती आईला पत्रात लिहायची, या वेळी टेकाडे भावजी काय म्हणाले माहिताय का वहिनी. म्हणजे मी प्रपंच ऐकलेला नाही, वाचलेला आहे. आंतर्देशीय पत्रावर, घडीच्या आतपर्यंत बारीक अक्षरात.

कॅम्पवासी

१९८३ ची फायनल कुणी रेडिओवर ऐकली? आपले १८३ झाल्यावर आमच्या गल्लीतले अर्धे झोपायला गेले. आम्ही वाड्याच्या पायरीवर, मध्ये ट्रान्झिस्टर, भोवती खारे शेंगदाणे आणि गोटी सोड्याच्या बाटल्या. रिचर्ड्स मारत सुटला आणि नेमके तेव्हाच सेल बसायला लागले. आवाज खोल विहिरीतून. आमच्यातल्या एकानं सेल काढून दातांनी चावले, चेपले की थोडा जीव धरतात म्हणे, आणि परत घातले. तेवढ्यात आरडाओरडा. कपिलनं कॅच घेतलेला, आम्हाला कळलं तो नुसता गोंगाट. कोण आऊट, कोण आऊट? ते कळायला पुढचं षटक लागलं. सोडा पिताना गोटी नाकावर आपटायची ते वेगळंच.

शहापूरकर

सेल उन्हात ठेवायचे असतात, चावायचे नाहीत.

एरियल

दोन्ही करू नका. उन्हानं तात्पुरती ऊब मिळते म्हणून थोडा चालतो इतकंच. चावलेला सेल फुटला की आतलं रसायन पत्र्याला खातं. असे हिरवे-पांढरे झालेले सेट मी शेकड्यांनी खरवडलेत, त्यातला एखादा कॅम्पातला असेल.

तिसरंगेट

एरियल, मोजलं. मुंबई ब चा ठिपका ते सांगली ११ सेंटिमीटर. सांगली ते गुलाबी ठिपका जेमतेम चार मिलिमीटर. उजवीकडे, म्हणजे मोठ्या आकड्याकडे.

मधल्या वेळात करदंटाबद्दल सांगतो, कारण कुंद्यावरून विषय निघालाय. मिस्किल म्हणतात तसं आमच्याकडंही कुंदा पाहुण्यांचाच. पण मामा नोकरीनिमित्त गोकाकला होता, तो आला की करदंट आणायचा. डिंक तुपात तळून फुलवलेला, सुकामेवा, गूळ. दातांत अडकलं तर संध्याकाळपर्यंत पुरायचं. आई ते पितळी डब्यात घालून स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. रविवारी प्रत्येकी एक वडी. आणि दर रविवारी डबा उघडला की वड्या कमी! आई मोजायची, मान हलवायची, आणि बाबा दादाकडं बघायचे. दादा उंच होता, स्टुलावर चढला तर हात पोचायचा. बिचाऱ्यानं दोनदा मार खाल्ला. आज पंचावन्न उलटली तरी चार माणसांत विषय निघाला की सांगतो, मी घेतलं नव्हतं. आम्ही हसतो.

एरियल

सांगली १२५१. तिथून छत्तीस पुढं १२८७. चार मिलिमीटर तेवढेच भरतात, त्या टोकाला आकडे दाटीनं असतात. १२८७ म्हणजे पणजी. सांगली उत्तरेला, पणजी नैर्ऋत्येला. घाट मध्ये असला तरी दिवसा लागायचं. तुमच्या घरात गोव्याचं कुणी होतं का?

शहापूरकर

पणजी जुनं स्टेशन. १९६१ च्या आधी पोर्तुगीजांचं, एमिसोरा द गोवा. आमच्या गल्लीतले गोवेकर सराफ लावायचे.

मिस्किल_मारुती

गुलाबी ठिपका, गोवा. तिसरंगेट, बाबांची चौकशी जरा जपून करा.

तिसरंगेट

मिस्किल, गप्प बसा. आईचं माहेर साखळी. गोवा. हे मला सुचू नये? आईला फोन लावतो, ती दादाकडं असते.

तिसरंगेट

बोललो. जसंच्या तसं लिहितो.

मी विचारलं, आई, रेडिओवरचा गुलाबी ठिपका कुणाचा? पलीकडं काही आवाज नाही. मग म्हणाली, 'मिळाला होय रेडिओ?' म्हटलं, मिळाला. म्हणाली, 'तो माझा.'

लाल नेलपॉलिशही तिचंच होतं. लग्नात मिळालेली बाटली, तिनं कधी लावलं नव्हतं. बाबांनी न विचारता घेऊन चार ठिपके दिले आणि झाकण नीट न लावल्यानं ती वाळून गेली. 'मग मी गुलाबी आणली आणि माझा एक दिला.' बाबा काही बोलले नाहीत का? 'बघितला त्यांनी. विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी निघताना रेडिओ खडूच्या रेघेवरून काढून सरळ करून गेले. सरळ असला की पणजी लागायची.'

दुपारी आम्ही शाळेत, बाबा ऑफिसात, आज्जी झोपलेली. आई एकटी पणजी लावायची. कोकणी कानावर पडायची. लग्नानंतर तिच्याशी त्या घरात कोकणी बोलणारं कुणी नव्हतं, हे मला या वयात फोनवर कळलं. संध्याकाळी बाबा यायच्या आधी सुई परत सांगलीवर.

मी म्हटलं, नुसतंच ऐकायचीस? हसली. म्हणाली, 'स्टुल ओढायचं, एक वडी घ्यायची. रेडिओपाशी बसून खायची. कधी दोन.'

आई, दादानं मार खाल्ला!

'होय रे. त्या दिवशी मी जेवले नाही. पण सांगणार कसं?'

दादा शेजारीच बसलेला होता. फोन त्यानं ओढून घेतला आणि मला एवढंच म्हणाला, 'लिही तुझ्या त्या धाग्यावर. मोठ्या अक्षरात लिही.'

दादानं करदंट घेतलं नव्हतं.

मिस्किल_मारुती

दादांना दंडवत. चाळीस वर्षांनी निर्दोष सुटका.

हुक्केरीकर

आमच्या आईलाही आता विचारतो, ती दुपारी काय ऐकायची. कधी विचारलंच नाही.

तिसरंगेट

शनिवारी गोकाकला चाललोय. अर्धा किलो दादाला, अर्धा किलो आईला. आईनं दोन गोष्टी बजावल्यात. डबा पितळीच हवा. आणि खालच्या फळीवर ठेव, आता हात पोचत नाही.